भाकरीचा हिशोब : सरहद्दीवरचे कॅम्प आणि मराठवाड्याचा शेतकरी

(अंबाजोगाई येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीत भावाचा विषय आहे, विजेचा आहे, विम्याचा आहे, कर्जाचा तर आहेच. या सगळ्या विषयांतून आम्ही थोडा वेळ एका जुन्या गोष्टीसाठी मागून घेतला. कोणी म्हणेल, पोटाचे सोडून इतिहास कशाला? आमचे म्हणणे असे की, ही गोष्ट पोटाचीच आहे. १९४७-४८ साली या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने हातात बंदूक घेतली होती. ती कशासाठी घेतली, कशी चालवली आणि खाली कशी ठेवली, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. कारण आपणही लढणारी माणसे आहोत, आणि लढणाऱ्याने मागच्या लढाईचा हिशोब तपासून पाहायचा असतो.

दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते. २०२३ साली मुक्तिसंग्रामाला पंचाहत्तर वर्षे झाली, तेव्हा मोठे कार्यक्रमही झाले. पण आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'मुक्तिसंग्राम' हा शब्द क्वचितच असायचा. ती म्हणायची 'रझाकारी'. "रझाकारीच्या साली तुझा आजा रानात होता", "रझाकारीत आम्ही पेवातले धान्य सोडून पळालो". आणि शेवट झाला त्याला नाव होते 'पोलिस ॲक्शन'. या दोन शब्दांच्या मध्ये जे वर्ष-सव्वा वर्ष गेले, त्यात आपल्या बापजाद्यांनी काय केले, ते मात्र दोन्ही शब्दांत येत नाही. एका शब्दात जुलूम करणाराचे नाव आहे, दुसऱ्यात सोडवायला आलेल्या फौजेचे. शेतकरी कुठे आहे?

तो होता सरहद्दीवरच्या कॅम्पात. त्याचीच ही गोष्ट आहे.

आधी राज्य कसे होते ते पाहू. निजामाच्या हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी मुलखाचे. संस्थानातली जवळजवळ तीस टक्के जमीन जहागीरदारांच्या ताब्यात होती. सुमारे दहा टक्के खुद्द निजामाची, तिला 'सर्फेखास' म्हणत. उरलेली दिवाणी. जहागिरीतल्या कुळाला दाद मागायला जागा नव्हती, कारण फिर्याद ज्याच्याविरुद्ध करायची तोच न्याय करणार.

त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेव्ही आली. सरकार ठरवील तेवढे धान्य, सरकार ठरवील त्या दराने घालायचे. पीक आले की नाही, घरात खायला उरले की नाही, याची चौकशी नाही. वरून फर्मान निघे, आणि वसुलीला पाटील-पटवारी आणि पोलीस दारात उभे राहत. शिवाय सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. बाजूच्या इंग्रजी मुलखातल्या बाजाराला माल न्यायचा तर नाक्यावर जकात भरा. लेव्ही, नाका आणि चावडीतले दप्तर, या तीन जागी शेतकऱ्याची मान अडकलेली होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हे आपले गाव. योगेश्वरीचे गाव, मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव. निजामीत याचे नाव होते मोमिनाबाद, आणि इथे हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. म्हणजे पगारी लष्कराचे गाव म्हणूनच सरकारदरबारी याची ओळख. त्याच गावात १९३० नंतरच्या दशकात एक संन्यासी शिक्षक म्हणून आला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून ते इथल्या योगेश्वरी शाळेत आले, बरोबर बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी होते. त्यांचे पूर्वीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. आपण त्यांना स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखतो. इथल्या सरकारी दवाखान्याला आणि वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, नांदेडच्या विद्यापीठालाही आहे. दवाखान्यात जाणाऱ्या किती पोरांना त्या नावाची माहिती असेल, हे आपणच आपल्या मनाला विचारावे.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहिली, ती बंदी डोक्यावर घेऊनच. सत्याग्रह झाला, शेकडो माणसे तुरुंगात गेली. बंदी उठली ती १९४६ साली. त्याच वर्षी बिलोली भागातल्या गोविंदराव पानसऱ्यांना अर्जापूरजवळ मारण्यात आले. मराठवाड्यातल्या या लढ्याचे ते पहिले हुतात्मे मानले जातात.

मग जून १९४७ आला. इंग्रज जाणार हे ठरले, आणि निजामाने जाहीर केले की, आपण हिंदुस्थानातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही जाणार नाही, आपण स्वतंत्र राहू. स्टेट काँग्रेसने लढा पुकारला. ७ ऑगस्टला भारतात सामील होण्याचा दिवस पाळला गेला. १५ ऑगस्टला स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि ते पकडले गेले. खेड्यापाड्यांत तेव्हा काय झाले? लोकांनी शिंदीची झाडे तोडली, कारण शिंदीच्या ठेक्यातून सरकारची तिजोरी भरत होती. जंगल सत्याग्रह केला. लेव्ही घालायची नाही असे ठरवले. आणि चावडीवर जाऊन दप्तरे जाळली.

पाहा भावांनो, पुढारी म्हणाले 'सामीलीकरण', आणि शेतकऱ्याने त्याचा अर्थ काढला लेव्ही, नाका आणि दप्तर. दोघांचेही खरे होते. पण पुढाऱ्यांच्या मागणीला गावाची ताकद मिळाली ती या दुसऱ्या अर्थामुळे.

तिकडून उत्तर आले रझाकारांचे. कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. मजलिस या संघटनेचा तो पुढारी झाला, आणि तिचे हत्यारबंद स्वयंसेवक म्हणजे रझाकार. गावावर धाड घालायची, घरे जाळायची, धान्य-दागिने न्यायचे, माणसे मारायची. पोलीस त्यांच्या मागे उभे. गावेच्या गावे उठून सरहद्दीपलीकडे गेली.

त्या पळालेल्या गावांतूनच कॅम्प उभे राहिले.

सरहद्द म्हणजे तिकडे पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड, इकडे नगर आणि सोलापूर जिल्हा, वर खानदेश. त्या सगळ्या पट्ट्यात उमरखेड, बार्शी आणि अशाच दुसऱ्या ठिकाणी कॅम्प निघाले. स्वामीजी तुरुंगात होते. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, तेव्हा ते सुटले, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा पकडले गेले. बाहेरचे काम कृती समिती पाही. दिगंबरराव बिंदू तिचे अध्यक्ष, आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. बार्शीकडे फुलचंद गांधी होते. उमरखेडच्या कॅम्पाशी आबासाहेब लहानकर, साहेबराव बारडकर, नागनाथ परांजपे ही नावे जोडलेली आहेत.

पण कॅम्प म्हणजे पुढारी नव्हेत. कॅम्प म्हणजे पाटलाचा मुलगा, कुणब्याचा मुलगा, शाळा सोडून आलेला पोरगा, एखादा मास्तर. तंबू किंवा पडके घर, धर्मशाळा, कुठे मळ्यातले छप्पर. हत्यारे म्हणाल तर भरमार बंदुका, थोड्या रायफली, हातबॉम्ब. काम ठरलेले असे. रात्री हद्द ओलांडायची, करोडगिरीचा नाका उठवायचा, पोलीस ठाण्यावर किंवा रझाकारांच्या अड्ड्यावर हल्ला करायचा, टेलिफोनच्या तारा तोडायच्या, दप्तर जाळायचे, उजाडायच्या आत परत फिरायचे. नाका उठला की त्या बाजूची गावे मोकळी होत. बार्शी-सोलापूरकडच्या काही निजामी गावांनी तर आपणच आपल्याला मुक्त जाहीर केले आणि त्या मुलखाला 'मुक्तापूर' नाव दिले.

सगळे काही सरहद्दीबाहेरूनच झाले असेही नाही. उदगीरजवळ हत्तीबेटाच्या आसऱ्याने अप्पाराव पाटील कौळखेडकर यांच्या पुढाकाराने जे दल लढले, त्याचे नाव होते 'किसान दल'. नावातच शेतकरी आहे. वसमत भागातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे लढता लढता पडले. आणि हे काम गड्यांनीच केले असे कोणी समजू नये. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके या शेतकरी घरातल्या बाई हत्यारबंद लढ्यात होत्या. माय-बहिणींनो, हे नाव घरी जाऊन लेकींना सांगा.

उमरीची गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी सांगतो, कारण आजच्या भाषणाचे मर्म तिच्यात आहे. उमरी हे नांदेड जिल्ह्यातले गाव. तिथे हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. ३० जानेवारी १९४८ ला उमरखेड कॅम्पाच्या लोकांनी तिच्यावर हल्ला केला आणि वीस लाखांहून अधिक रक्कम घेऊन ते हद्दीपार गेले. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला.

त्या काळचे वीस लाख म्हणजे काय रक्कम होती, याचा विचार करा. पोरांच्या अंगावर धड कपडे नाहीत, आणि हातात लाखो रुपये. कोणाची पावती नाही, कोणाचा पहारा नाही. अशा वेळी माणसाची परीक्षा होते. त्या रकमेचा जमाखर्च ठेवला गेला. लढ्याचा खर्च त्यातून झाला, आणि मुक्तीनंतर स्टेट काँग्रेसने त्याचा हिशोब सादर केला. बँक लुटली, इतकेच ऐकले तर दरोडा वाटतो. दरोडेखोर आणि स्वातंत्र्यसैनिक यांच्यात फरक कोणता, तर तो हिशोबाचा.

रझाकारही स्वयंसेवकच म्हणवत होते. त्यांच्याही खांद्याला बंदूक होती, त्यांनाही आपण धर्मकार्य करतो असे वाटत होते. मग आपले कॅम्पवाले आणि ते, यांत फरक काय? आपले ते चांगले आणि दुसऱ्याचे ते वाईट, हे उत्तर शेतकऱ्याला शोभत नाही. फरक धर्माचाही नव्हता. हैदराबादेत 'इमरोज' नावाचे उर्दू वर्तमानपत्र होते. त्याचे संपादक शोएबुल्ला खान हे मुसलमान. त्यांनी भारतात सामील होण्याची बाजू मांडली म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

आम्ही तीन कसोट्या लावतो. पहिली, भाकरी कोठून येते? रझाकार भाकरी हिसकावून खात होता, कॅम्पवाल्याला गाव आपण होऊन भाकरी देत होते. दुसरी, पैशाचा हिशोब कोणाला द्यायचा? तिसरी, काम झाल्यावर बंदूक खाली ठेवता का? या तीन कसोट्यांना जो उतरला तो लोकांचा शिपाई. जो उतरला नाही त्याने कोणताही झेंडा घेतलेला असो.

यातली भाकरी सगळ्यांत मोठी आहे. रानात दडलेल्या दहा माणसांना एका वेळी वीस-तीस भाकरी लागतात. त्या कोणीतरी पहाटे उठून थापाव्या लागतात, गवताच्या भाऱ्यात नाही तर शेणाच्या पाटीत लपवून न्याव्या लागतात. सापडले तर घर जळणार. बंदूक धरणाऱ्याचे नाव कधीमधी कागदावर आले. भाकरी थापणारीचे कुठेच आले नाही. वाट दाखवणारा गुराखी, निरोप नेणारा न्हावी, धाडीची खबर आणणारा महार-मांग वस्तीतला माणूस, यांचेही नाही. अनंत भालेरावांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा मोठा ग्रंथ लिहिला, म्हणून निदान पुष्कळ नावे वाचली. पण एका माणसाने किती गावे फिरावीत?

आता खरे ते सगळेच बोलले पाहिजे. कॅम्पवाल्यांनी एकट्याने निजामाला नमवले, असे आम्ही म्हणणार नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचे लष्कर शिरले. सोलापूरकडून नळदुर्गावर, तिकडून औरंगाबादवर. मेजर जनरल चौधरी हैदराबादकडे चालून गेले आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत काम झाले. पण ते पाच दिवसांत का झाले, हा प्रश्न आहे. लष्कर ज्या मुलखातून गेले, तिथले नाके वर्षभर आधीपासून उठत होते, लेव्ही थकलेली होती, गावे राजवटीच्या हातून सुटलेली होती. मुळे कुरतडलेले झाड वाऱ्याने पडले. वारा खरा, कुरतडणेही खरे.

याचा दाखला आपल्या गावातच आहे. भारताचे लष्कर जालना, लातूर करीत १५ सप्टेंबरच्या सुमारास मोमिनाबादला आले. इथे तिसरे गोवळकोंडा लान्सर्स हे निजामाचे घोडदळाचे पथक होते. नाममात्र प्रतिकार करून त्यांनी हत्यारे ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या पगार, वर्दी आणि घोडे पुरवलेले ते लष्कर. त्याच्या मागे भाकरी देणारे गाव नव्हते, म्हणून ते एका दिवसात संपले. इतिहासाचा धडा घ्यायला आपल्याला लांब जायला नको, छावणीच्या मैदानावर उभे राहिले तरी पुरे.

यापुढची गोष्ट बोलायला जड आहे. पण ती टाळली तर आमच्या तीन कसोट्या खोट्या ठरतील. पोलिस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि बाजूच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर फार मोठे अत्याचार झाले. रझाकार पळून गेले होते, सापडला तो शेजारचा गरीब मुसलमान, तोही शेतकरी, मजूर, विणकर. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून अंदाज दिला तो २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. सरहद्दीपलीकडून लष्करामागे आलेल्या टोळ्यांनीही यात हात धुऊन घेतले, असे समितीने नोंदवले आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. आज या बैठकीत आपल्यासोबत मुसलमान शेतकरी बसलेले आहेत, त्यांच्या घरीही 'पोलिस ॲक्शन' हा शब्द आहे, पण तो वेगळ्या आवाजात उच्चारला जातो. ज्यांनी हिशोब ठेवून बंदूक चालवली त्यांचा मान राखायचा असेल, तर ज्यांनी बेहिशेबी हात चालवला त्यांना त्यांच्या रांगेत बसवता येणार नाही.

मुक्ती झाली, कॅम्प उठले, पोरे घरी आली. कोणी शाळेत परत गेला, कोणी पुढारी झाला, बहुतेकांनी औत धरले. १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० साली कूळकायदा आला. हे लहान काम नव्हे, आपल्यातल्या किती जणांच्या सातबाऱ्याचे मूळ त्यात आहे. शेजारच्या तेलंगणात मात्र कम्युनिस्टांच्या मागे गेलेल्या शेतकऱ्यांनी बंदूक खाली ठेवली नाही. कबजात घेतलेली जमीन परत जाईल ही त्यांना भीती होती. तिथला लढा १९५१ च्या ऑक्टोबरात मागे घेतला गेला.

बंदूक ठेवून परतलेल्या शेतकऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्याकडेच पडला असे नाही. अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. १७७५ साली तिथल्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध युद्ध सुरू केले, त्याचे पहिले बार मॅसॅच्युसेट्स प्रांतात लेक्झिंग्टन आणि काँकर्ड या गावी उडाले. ते उडवणारे शेतकरीच होते. तिथे गावोगाव शेतकऱ्यांची पथके असत, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या पथकांच्या पलटणी बांधलेल्या असत. आठ वर्षांनी स्वातंत्र्य मिळाले, शेतकरी घरी आले. घरी काय? सावकाराचे कर्ज आणि सरकारचा रोख नाण्यातला कर. पगाराचे कागद हातात, त्यांना किंमत नाही. कोर्टाचे हुकूम निघू लागले, गुरेढोरे आणि जमिनी लिलावात जाऊ लागल्या. १७८६ साली त्याच प्रांतातले शेतकरी उठले आणि त्यांनी कोर्टे बंद पाडली. त्यांच्या पुढाऱ्यांत डॅनियल शेज नावाचा स्वातंत्र्ययुद्धातला कप्तानच होता. १७८७ च्या जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारासमोर त्यांच्यावर तोफ चालली. ती चालवणारे सरकार स्वातंत्र्य मिळवून आलेलेच होते.

आपल्यावर तोफ चालली नाही. पण ज्या तीन जागी मान अडकली होती म्हणून आम्ही मघाशी ध्यानात ठेवायला सांगितले, त्यांचे काय झाले ते पाहा. लेव्ही गेली का? स्वराज्यात ज्वारीची लेव्ही आली, आणि साखरेवरची लेव्ही उठायला २०१३ साल उजाडावे लागले. नाका गेला का? १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली, आणि मग आपला कापूस शेजारच्या राज्यात जास्त भावाने विकायला निघालेला शेतकरी राज्याच्या हद्दीवर चोर ठरू लागला. ज्याच्या बापाने करोडगिरीचा नाका जाळला, त्याच्या पोराची गाडी दुसऱ्या नाक्यावर अडवली गेली. ती खरेदी आता गेली. पण भाव जरा वर गेला की निर्यातबंदी येते, तो नाका देशाच्या बंदरावर उभा आहे. दप्तर जळाले म्हणावे, तर आज बँकेचे दप्तर आहे.

याचा अर्थ १९४८ चा लढा वाया गेला असा नाही. त्यांनी आपले काम पुरे केले. जुलमी राजवट जावी आणि आपले राज्य यावे, हे त्यांचे काम. आलेल्या राज्याकडून शेतकऱ्याचा हिशोब मागायचा, हे आपले काम. ते मागे राहिले असेल तर दोष त्यांचा नाही.

आणि हिशोब ठेवला नाही तर काय होते, तेही याच जिल्ह्याने पाहिले. स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली, ती योग्यच होती. पण बीड जिल्ह्यात खोटे दाखले जोडून पेन्शन घेतल्याच्या तक्रारी झाल्या, शेकडो नावांची चौकशी करावी लागली, न्यायमूर्ती पालकर यांचा आयोग बसला, आणि २००५ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या लढ्यात वीस लाखांचा हिशोब दिला गेला, त्याच लढ्याच्या नावाने खोटी नावे घुसली. आणि खरा माणूस? तो म्हणाला, "भाकरी दिली म्हणून काय सरकारकडे पैसे मागू?" आणि अर्ज न करताच गेला. खोटा अर्ज करणाऱ्याला नोंद नसल्याचा फायदा झाला, खऱ्याला नोंद नसल्याचा तोटा झाला. गावाने आपली वही ठेवली असती, तर दोन्ही गोष्टी टळल्या असत्या.

म्हणून या बैठकीपुढे आमचा एक साधा ठराव आहे. खर्च दोनशे पानी वहीचा.

प्रत्येक गावाने एक वही घालावी. पहिल्या भागात रझाकारीच्या सालाची नोंद. कॅम्पात कोण गेले, भाकरी कोणाच्या घरातून गेली, कोणाचे घर जळाले, कोण मारले गेले, कोणाला कोणी दडवून वाचवले. हिंदू घराने मुसलमानाला दडवले असेल तेही लिहा, मुसलमान घराने हिंदूला दडवले असेल तेही लिहा. आपल्या गावाने वाईट केले असेल तर तेही लिहा. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या तोंडून ऐकायला आणखी फार दिवस मिळणार नाहीत. एकाने सांगितलेले दुसऱ्याकडून ताडून घ्या, आणि कोणी सांगितले ते नावासह लिहा.

दुसऱ्या भागात आपल्या आजच्या आंदोलनाची नोंद. वर्गणी किती आली, कोणाकडून आली, कशावर गेली. मोर्चाला कोण गेले, खटला कोणावर झाला, त्याच्या घरी कोण उभे राहिले, भाकरी कोणी बांधून दिल्या. आपल्याकडे वीस लाख नाहीत, वीस हजार असतील. त्याचाही हिशोब गावासमोर वाचून दाखवा. जी संघटना गावाला हिशोब देत नाही, तिने सरकारला हिशोब मागू नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने ही वही सोबत आणावी. भाषणे थोडी कमी करू आणि वह्या वाचू. आमची वही आम्ही घालायला घेतली आहे. पहिल्या पानावर एका म्हातारीचे नाव आहे. तिने बंदूक कधी पाहिली नाही, पण रोज दोन पायली पीठ जास्त दळले. ते पीठ कुठे जात होते, हे घरात कोणी विचारले नाही, आणि तिनेही कोणाला सांगितले नाही. अशी एक तरी म्हातारी प्रत्येक गावात होऊन गेली. तिचे नाव विचारा आणि लिहा.

जय किसान!